तोल्वानेनची पितळी पाटी

"कुणीतरी धरा की पलीकडचं टोक," तोल्वानेन म्हणाला.

दुहाती करवतीचं एक टोक त्याच्या मुठीत होतं. दुसरं पाइनच्या बुंध्यापलीकडे मोकळंच लोंबत होतं. भोवती सगळं गाव उभं होतं, पण एकाचाही हात खिशातून बाहेर आला नाही. गिरणीवरची धट्टीकट्टी माणसं, याच्याच पगारावर घर चालवणारी, तीसुद्धा बुटाच्या टोकाने शेवाळ उकरत राहिली.

"पेन्ती?"

पेन्ती हुत्तुनेन म्हणजे त्याचा मुकादम. मालकाला शिंक आली तर रुमाल हा काढायचा. पण त्या दिवशी पेन्तीनेही मान हलवली.

"मालक, तुम्ही दाखवाल ते जंगल पाडतो. हे नाही पाडणार. घरी बायकापोरं आहेत माझ्या."

ते झाड तोल्वानेनच्या बापाचं होतं. म्हणजे बापाने लावलेलं नव्हे, बापाच्या नावाचं. आमचं चर्च तलावाच्या पलीकडे आहे. गावात कुणी गेलं की त्याला उन्हाळ्यात होडीतून आणि हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीत घालून न्यायचं. गाव संपतं तिथे जमिनीचं एक टोक पाण्यात शिरलंय. त्या टोकावर थांबायचं, पुरुषांनी एकेक घोट घ्यायचा आणि गेलेल्या माणसासाठी एका पाइनच्या खालच्या फांद्या छाटायच्या. मग बुंधा तासून सपाट करायचा आणि तिथे त्याच्या नावाचं नि आडनावाचं पहिलं अक्षर कोरायचं. पुढे कधी घराच्या ओढीने तो कबरीतून उठून चालू लागला, तर वाटेत त्याला आपलं झाड दिसतं. अक्षरं वाचली की आपण मेलोय हे त्याच्या ध्यानात येतं आणि तो निमूट परत फिरतो. याला आम्ही कार्सिक्को म्हणतो. आमचे पाद्री पिढ्यान् पिढ्या याच्या नावाने बोटं मोडत आलेत, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या फांद्या छाटत आलोत. असं झाड जो पाडेल त्याच्या घरातून वर्षाच्या आत प्रेत निघतं, असं म्हणतात. मी ते मानते की नाही हे मला विचारू नका. ती करवत मीही धरली नसती.

तोल्वानेनने करवत फेकून दिली, कोट काढला आणि कुऱ्हाड घेतली. साठीचा माणूस, रुंद पाठीचा, तोंडात सोन्याचा एक दात. तो एकटा घाव घालत राहिला आणि आम्ही बघत राहिलो. त्याचा चेहरा लाल झाला, सदरा पाठीला चिकटला, एकदा तर तो झाडालाच टेकून उभा राहिला. कुणी पाण्याचा पेला पुढे केला नाही. दुपार कलली तेव्हा झाड कडाडलं आणि तलावाच्या बाजूला आडवं झालं. त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि आमच्याकडे वळला.

"माझ्या बापाचं पाडलंय मी. आता कुणाला काय म्हणायचंय?"

कुणाला काय म्हणता येणार होतं? त्याचं हे नेहमीचंच. आधी स्वतःचं काहीतरी तोडायचं, म्हणजे दुसऱ्याला तोंड उघडायला जागा उरत नाही.

माझी आई, आन्ना, गर्दीच्या मागे हातगाडीत बसली होती, पायांवर घोंगडी टाकून. तिचं कमरेचं हाड मोडलेलं होतं. मीच तिला ढकलत आणलं होतं. त्या सगळ्या वेळात तिने तोल्वानेनकडे बघितलंच नाही. ती बघत होती पलीकडच्या दुसऱ्या एका पाइनकडे. तो माझ्या भावाचा होता.

कालेर्वो तोल्वानेन हे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. वर्तमानपत्रात त्याच्या नावामागे "वनउद्योजक आणि दानशूर" असे दोन्ही शब्द जोडीने यायचे, जणू एक केल्याशिवाय दुसरं करताच येत नाही. आमच्या गावापुरतं ते खरंच होतं. युद्धानंतर ज्या घरात कर्ता पुरुष उरला नव्हता, त्या घराच्या दारात हा सगळ्यांच्या आधी पोचायचा. टोपी काढायचा, गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोलायचा आणि जंगलाचा सौदा करूनच उठायचा. ओंडका मोजायचा तो बारीक टोकाकडून, म्हणजे बुंध्याकडची जाडी त्याला फुकट. कुणी कुरकुर केली तर म्हणायचा, "सगळीकडे असंच मोजतात, बाई." तेही खोटं नव्हतं. सगळीकडे घेणारे त्याच्यासारखेच होते.

त्या फुकटच्या जाडीतून मग गावाला सार्वजनिक सौना, म्हणजे वाफेचं न्हाणीघर, मिळाली, चर्चला ऑर्गन मिळाला, शाळेतल्या पोरांना स्की मिळाल्या. स्कींवर गिरणीचा शिक्का डाग देऊन उठवलेला होता, ओंडक्यांवर मारतात तोच. पोरं टेकडीवरून घसरत यायची तेव्हा लांबून वाटायचं, तोल्वानेनचा मालच खाली येतोय. ऑर्गनवर पाटी, सौनेतही पाटी. सौनेतली पाटी तर तापून उघड्या पाठीला चटका द्यायची. म्हणून आम्ही बायका आत गेल्यावर पहिल्यांदा तिच्यावर ओला टॉवेल टाकायचो.

मी त्याच्या गिरणीच्या खानावळीत स्वयंपाकीण होते. तो स्वतः तिथेच जेवायचा, कामगारांच्या बाकावर, त्यांच्यासारख्याच पत्र्याच्या ताटात, आणि शेवटी ताट पावाच्या तुकड्याने लख्ख पुसून घ्यायचा. लोकांना ह्याचं केवढं कौतुक. मालक असून बघा कसा साधा. मला ते बघवायचं नाही. माझ्या हातचं अन्नसुद्धा हा माणूस तळापर्यंत वसूल करतो असं वाटायचं.

आता त्याचा लहानपणीचा काळ वाईट गेला हे मला माहीत आहे. आईनेच सांगितलंय. त्याचा बाप दारू पिऊन मेला आणि मागे राहिलेल्या आईला गावाने लिलावात काढलं. तेव्हा गरिबांची तशी व्यवस्था असायची. जो गावाकडून सगळ्यात कमी पैसे मागेल त्याच्या घरी त्या गरिबाने राहायचं, तो देईल ते खायचं आणि सांगेल ते काम करायचं. त्याची आई अशीच कुणाच्या तरी गोठ्यात मेली. म्हणून त्याने म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढायचं ठरवलं, असं पाद्रीसाहेब चर्चमध्ये गहिवरून सांगायचे. असेल. पण म्हणून मला तो आवडावा, अशी सक्ती कुठे आहे?

माझ्या भावाचं नाव रेइनो. वसंतात बर्फ वितळलं की ओंडके नदीत सोडतात आणि माणसं आकड्याच्या लांब काठ्या घेऊन त्यांना खाली गिरणीपर्यंत हाकत नेतात. रेइनो त्या कामात तरबेज होता. तरंगत्या ओंडक्यांवरून तो अंगणात फिरावा तसा फिरायचा. एका वसंतात प्रपाताच्या तोंडाशी ओंडके अडकले आणि मोठी कोंडी झाली. पाणी रोज उतरत चाललं होतं. जाणती माणसं म्हणत होती, वरचं धरण उघडून पाणी येऊ द्या, एक दिवस कळ काढा. तोल्वानेन काठावर उभा होता. तो म्हणाला, "रेइनो, तू जा. तुझे पाय हलके आहेत." रेइनो गेला. कोंडी फुटली. माल वेळेवर गिरणीत पोचला. रेइनो कुठेच पोचला नाही.

आठवडाभर शोधून शेवटी आम्ही रिकामी होडी वल्हवत नेली. त्या टोकावर थांबलो, फांद्या छाटल्या, अक्षरं कोरली. चर्चच्या आवारात त्याची कबर नाही की दगड नाही. आईला मुलगा म्हणून जो काही उरला होता, तो तेवढाच होता, त्या टोकावर उभा असलेला. तोल्वानेनने मोठा हार पाठवला. त्याच्या फितीवर गिरणीचं नाव सोनेरी शाईत छापलेलं होतं. मी तो हार चुलीत घातला.

त्या टोकावरच आश्रम बांधायचं त्याने काढलं. "म्हाताऱ्यांना खिडकीतून पाणी दिसेल," म्हणाला. तलावाला काय दुसरा काठ नव्हता? पण ती जमीन त्याची होती आणि पाद्रीसाहेबांनाही तेच हवं होतं. ऑर्गनही मिळालेला, वर जुनी खुळंही परस्पर निकालात निघणार. आणि गावाने विरोध करायचा तरी कुठल्या तोंडाने? प्रत्येक घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं होतं. मी पहाटे खानावळीत जायचे ती संध्याकाळी यायचे, तोवर आई एकटी पडून असायची. स्टोव्ह विझला तर तसाच विझलेला राहायचा. मला त्या आश्रमातली खाट हवी होती. हे मी लपवत नाही.

बापाचं झाड पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोल्वानेन आमच्या घरी आला. दारातच टोपी काढली. मी सावध झाले, कारण टोपी काढून आला की हा काहीतरी घेऊनच जातो.

"आन्नाकाकू," तो आईला म्हणाला, "रेइनोचं झाड राहील. मी नकाशा बदलायला सांगितलंय. आणि पहिली खोली तुमची. खिडकीतून झाड दिसेल अशी."

आईने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती रडली. "देव तुझं भलं करो, कालेर्वो."

त्याचेही डोळे ओले झाले होते. मीही आभार मानले. ते आभार अजून माझ्या घशात अडकून बसलेत.

बाकीची झाडं मग किनाऱ्याकडून आणलेल्या कामगारांनी पाडली. त्यांना आमच्या चालीरीतींचं सोयरसुतक नव्हतं. यांत्रिक करवतींनी त्यांनी दोन दिवसांत टोक मोकळं केलं. लोक घरात खिडक्या लावून बसले होते.

पुढच्या शरद ऋतूत आश्रमाचं उद्घाटन झालं. बँड वाजला, भाषणं झाली, गोड पाव वाटले. आधीचा सगळा घुस्सा गिळून गाव नटूनथटून आलं होतं. आईला पहिल्या खोलीत नेलं. पांढरी चादर, गरम पाण्याचा नळ, खिडकीखाली गरम राहणारे पाइप. मी तिला खिडकीशी बसवलं. बाहेर नव्या हिरवळीच्या मधोमध रेइनोचं एकटं झाड उभं होतं.

"हेल्वी," आई म्हणाली, "त्या झाडावर चकाकतंय काय?"

मी बाहेर जाऊन बघून आले. पितळी पाटी होती. "हे झाड वनउद्योजक कालेर्वो तोल्वानेन यांच्या औदार्याने जतन करण्यात आले आहे." बाकीची अक्षरं बेताची, नाव तेवढं ठळक. पाटी ठोकायला सपाट जागा लागते. सपाट जागा त्या बुंध्यावर एकच होती, आम्ही तासलेली.

आईपासून काही लपवता येत नाही. मी सांगून टाकलं.

"मग रेइनोची अक्षरं?"

"पाटीखाली आहेत."

तिने पुन्हा त्या चकाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "तर आता तो आला, की काय वाचणार?"

"आई..."

"तोल्वानेन असं वाचणार. म्हणणार, हे काय माझं झाड नाही. आणि तसाच पुढं चालत घरी येणार. घरी कोण आहे त्याला सांगायला? तू खानावळीत, आणि मी ही अशी इथं गादीवर."

मी तिची समजूत घालायला गेले, पण काय समजूत घालणार? तासलेल्या जागी अक्षरं का कोरतात हे मला तिनेच शिकवलं होतं. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. नर्स म्हणायची, नव्या जागेत असं होतं. आई खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून बसायची. आणि कुणी दार उघडलं की दचकायची.

शेवटी मी तोल्वानेनशीच बोलायचं ठरवलं. गुरुवार होता, वाटाण्याचं सूप होतं. बाकीची माणसं उठून गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मालक, ती झाडावरची पाटी जरा बाजूला लावता येईल का?"

"का? वाकडी बसलीय का?"

"अक्षरांवर बसलीय."

"मग? अक्षरं काय पळून गेलीत? आहेत खाली सुखरूप. उलट ऊनपावसापासून राखली गेली."

"आईला वाटतं, रेइनोला वाचता येणार नाहीत."

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं, मला आणखी चार शब्द सुनावता आले असते. पण तोही ह्याच गावचा. त्याने चमचा खाली ठेवला.

"माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, हेल्वी. झाड पाडून वर्ष झालं. आला का तो?"

"तुमच्या बापाचं मला माहीत नाही. माझ्या आईने खाणं सोडलंय."

"हे बघ." त्याचा आवाज चढला नाही, तो कधीच चढायचा नाही. "त्या एका झाडासाठी मी इमारतीचा एक हात कापला. सहा खोल्या कमी झाल्या. सहा म्हातारी माणसं घरी कुडकुडत बसलीत, तुझ्या भावाच्या पाइनपायी. त्यांच्या पोरांनी मला विचारलं तर मी काय सांगू? निदान हे झाड का ठेवलं, कुणी ठेवलं, एवढं लिहून ठेवायला नको?"

"तिथं रेइनोचं नाव कुठंय पण?"

"रेइनोला सगळं गाव ओळखतं."

"आणि तुम्हाला ओळखत नाही होय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटतं, तेव्हा त्याला खरंच लागलं. कुणीतरी त्याच्याकडून काही घेऊन वर त्याचं नाव तेवढं नको म्हणतं, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

"तुझ्या आईची खाट कुणामुळं आहे ते विसरू नकोस," तो म्हणाला. मग त्याने पावाचा तुकडा घेतला, ताट नीट पुसलं, तुकडा तोंडात टाकला आणि उठून गेला.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला घरी ने."

"आई, तुला एकटीला..."

"घरी कुणीतरी पाहिजे. तो आला तर दारात त्याला सांगायला पाहिजे. तू सांगशील?"

पहिला बर्फ पडला त्याच दिवशी मी तिला घसरगाडीवर बसवून घरी नेलं. तिला एकटीला टाकून कामावर जाता येईना, म्हणून खानावळही सोडली. बटाटे होते, दोन कोंबड्या होत्या, मी लोकांचे मोजे विणून द्यायला लागले. आमची खोली दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला मिळाली. गावाने आम्हाला कृतघ्न ठरवलं. दुकानात बायका माझ्याशी हवेबद्दल बोलायच्या आणि पाठ वळली की उरलेलं. एकदा पेन्ती घरी येऊन म्हणाला, "मालकाला फार वाईट वाटलंय गं. ते म्हणतात, मी आन्नाकाकूचं काय वाकडं केलं?" मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही.

आई मात्र घरी आल्यावर सावरली. खायला लागली. दिवसभर दाराकडे तोंड करून बसायची, हातात काहीतरी विणकाम घेऊन. पायरीवर कुणाचा बूट वाजला की म्हणायची, "बघ गं कोण आहे." सरपणवाला असायचा नाहीतर टपालवाला. तिला हायसं वाटायचं की वाईट वाटायचं, ते मला कधी कळलं नाही. तो हिवाळा तिने असा पहाऱ्यावर काढला आणि त्याचा राग मी एका माणसाच्या नावावर मांडून ठेवला.

फेब्रुवारीत तोल्वानेन गेला. गिरणीच्या आवारात फळ्यांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून पेन्तीवर ओरडत होता, म्हणजे त्याच्या त्या हळू आवाजात, आणि तसाच खाली बसला. पुन्हा उठला नाही. गाव म्हणालं, बापाचं झाड भोवलं. वर्षाची मुदत कधीच उलटून गेली होती, पण अशा बाबतीत गाव कॅलेंडर बघत नाही.

त्याची बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. हेलसिंकीहून एक पुतण्या आला, शहरी पातळ बूट घालून. त्याला संध्याकाळची गाडी पकडायची होती, म्हणून त्याने अंत्ययात्रेआधीच घर आवरलं, पाणी बंद केलं आणि दाराला हे एवढं कुलूप घातलं.

मी अंत्ययात्रेला गेले. का गेले? खरं सांगायचं तर खात्री करून घ्यायला. गिरणीच्याच ट्रकवर त्याची शवपेटी ठेवली होती. ट्रक टोकापर्यंत आला. तिथून पुढे बर्फावरून चर्चला जाणारी वाट सुरू होते. चाल कुणाला सांगावी लागत नाही. ट्रक आपोआप थांबला, माणसं उतरली, एक बाटली हातोहात फिरली. थंडी अशी होती की बोलणाऱ्याच्या तोंडापुढे वाफ लटकून राहायची. आश्रमाच्या खिडक्यांतून म्हातारी माणसं बघत होती.

पेन्ती कुऱ्हाड घेऊन पुढे झाला आणि थबकला. टोक मोकळं झाल्यापासून गावातून कुणाची पेटी निघालीच नव्हती, ही पहिलीच वेळ. छाटायचं काय? टोकावर हिरवळ होती, ती बर्फाखाली. शोभेची रोपं होती, गुडघ्याएवढी. उभं झाड एकच होतं.

सगळ्यांनी आधी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हेल्वी," पेन्ती चाचरत म्हणाला, "मालकांचं नाव तसंही आहेच त्याच्यावर. एक फांदी काढतो. एकच."

पाद्रीसाहेब हातमोज्यांची बटणं बघत होते. एरवी या प्रकाराला ते अंधश्रद्धा म्हणायचे. ऑर्गन देणाऱ्याच्या वेळी त्यांना शब्द सापडेनात.

"आपण कशासाठी थांबलोय?" पुतण्याने विचारलं.

मी पुढे होऊन पेन्तीच्या हातातली कुऱ्हाड घेतली. त्याला वाटलं, मीच छाटतेय. तो बिचारा बाजूला झाला. मी पात्याचं टोक पाटीखाली घातलं आणि दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकला. थंडीने स्क्रू आवळून बसले होते. पहिला किंचाळत निघाला, दुसरा मोडला, मग पाटी वाकली आणि पूर्ण सुटून माझ्या हातात आली. खाली रेइनोची दोन अक्षरं होती. आम्ही कोरली त्या दिवसासारखी नाही, पण वाचता येण्यासारखी. पाटीने ती खरंच राखली होती, आणि त्याचाही मला राग आला.

पाटी मी पेटीवर ठेवली.

"हे त्याचं आहे. त्याच्याबरोबर जाऊ दे."

"आणि झाड?" पेन्तीच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीने की कशाने कुणास ठाऊक. "मालकांना झाड नको का गं?"

"पुष्कळ झाडं आडवी केलीत त्याने. त्यातलं एखादं बघा."

बाटली परत कुणाच्या तरी कोटात गेली. ट्रक सुरू झाला आणि बर्फावर उतरला. तोल्वानेन हा आमच्या गावातला पहिला माणूस, जो त्या टोकावरून काहीही न छाटता पलीकडे गेला. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती असं लोक म्हणतात. नाही वाटली.

घरी आले तेव्हा आई दाराकडे तोंड करून बसलेली होती.

"काढली पाटी," मी म्हटलं.

"अक्षरं?"

"स्वच्छ आहेत. दोन्ही."

तिने डोळे मिटले. हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं, आणि पहिल्यांदाच तिची पाठ खुर्चीला टेकलेली मी बघितली. मी सूप गरम केलं. तिने सगळं खाल्लं. खाता खाता मी तिला पुतण्याचं आणि त्याने लावलेल्या कुलपाचं सांगितलं.

"कालेर्वोसाठी कुठलं छाटलं?"

"कुठलंच नाही."

"कुठलंच नाही?"

"शिल्लक कुठं ठेवलंय त्याने?"

मी भांडी धुवायला घेतली.

"म्हणजे त्याला अडवायला वाटेत काही नाही," ती म्हणाली. "निघाला असेल तो."

"निघू दे."

"त्याच्या घराला कुलूप लावलं म्हणालीस."

"पुतण्याने. भलं मोठं."

बाहेर अंधारून आलं होतं. मी हात पुसले आणि दाराला कडी घालायला गेले.

"राहू दे उघडं," आई म्हणाली.

"आई, शून्याखाली तीसवर गेलीय थंडी."

"तेच म्हणते मी."

मग मात्र माझा बांध फुटला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. कोंडीवर कुणी पाठवलं रेइनोला? काठावर उभं राहून कुणी नाव घेतलं त्याचं? हार कुणी पाठवला, पाटी कुणी ठोकली, तुझी खाट कुणी तोंडावर मारली? त्याच्यासाठी दार उघडं ठेवायचं? त्याच्यासाठी?

तिने सगळं ऐकून घेतलं.

"तो कोण होता ते मला सांगू नकोस, हेल्वी," ती म्हणाली. "मुलगा माझा गेलाय."

मी कडी घातली. जोरात घातली, तिला ऐकू जावी म्हणून. आणि तिच्याकडे पाठ करून पुन्हा भांड्यांशी जाऊन उभी राहिले.

मागे खुर्ची करकरली. मी वळले नाही. आई टेबलाला धरून उठली असावी. मग भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज, एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल. मोडक्या कमरेने ती माझ्या आधाराशिवाय कधी दारापर्यंत गेली नव्हती. मी मदतीला गेले नाही. कडी सरकली. दार वीतभर उघडलं. मग तीच पावलं, तितकीच सावकाश, खुर्चीपर्यंत परत आली. तिने शाल डोक्यावरून घेतली आणि बसली.

गारवा जमिनीवरून सरकत माझ्या घोट्यांपर्यंत आला. मी भांडं खाली ठेवलं आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं.